वहिनीच्या पायातल्या गाठी

आमच्या जिन्यात चपलांचा खच पडला होता. आत गाठबाबा माझ्या वहिनीच्या सुजलेल्या पायातून, कातडीला ओरखडाही न काढता, रक्ताच्या गाठी उपसत होते. पाय खसाखसा चोळायचा, वर ओला टॉवेल टाकायचा, खाली हात घालायचा, की वाटीत पचकन काळपट लाल गोळा! शेजारणी धन्य होत होत्या. माझे दादा, एरवी दुधातलं पाणी ओळखणारे, बाबांच्या पायाशी बसले होते. बायकोचा कॅन्सर हाताबाहेर गेल्यापासून त्यांची मती गुंग झाली होती. मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त कीव.

"उद्या कॅन्सरच उपसून काढतो," बाबा म्हणाले. "फक्त ती रोजची पोटातली सुई कालसारखी बंदच ठेवा! सुई टोचली की माझी शक्ती निघून जाते."

"फारच भित्री हो तुमची शक्ती," मी म्हणालो. दादांनी डोळे वटारले.

तेवढ्यात वहिनीला घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरबाई आत आल्या. कालची सुई दादांनी दिलीच नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "दम लागतो? छातीत दुखतं?" वहिनीने मान हलवून नाही म्हटलं. मग बाईंनी वाटी उचलली आणि माझ्याकडून उकळतं पाणी मागवून त्यात ओतलं.

गोळे विरघळले. वाटीत लाल सरबत झालं.

"रक्ताची गुठळी उकळत्या पाण्यात विरघळत नाही, उलट घट्ट होते. ही रंगवलेली जेली आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेल झटकला. घडीतून आणखी दोन गोळे पडले.

"तुमच्या अविश्वासाने गाठी वितळल्या!" बाबा ओरडले.

"मग अविश्वासाने फुकटात काम झालं की!" मी म्हणालो. बाबांनी काढता पाय घेतला. मागोमाग गर्दीही पांगली.

"कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं," बाई दादांना म्हणाल्या. "खरी गुठळी आत आहेच. चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली, तर श्वास अडकून जीव जाईल. रक्त पातळ ठेवणारी ही सुई ती वाढू देत नाही. मात्र रक्तस्राव होऊ नये म्हणून रक्त तपासत राहावं लागतं."

दादांना रडू फुटलं. "पण बाबा बरं करतो म्हणाले हो! तुम्ही तसं कधी म्हणतच नाही."

"म्हणूनच मी डॉक्टरबाईंचं ऐकते," वहिनी म्हणाली. "बरं होणार नाही, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. राहिलेले दिवस मला तुमच्याशी बोलत काढायचेत, धापा टाकत नाही. आणा ती सुई."

दादा हात धुवायला उठले.

आशा कुणाला नको असते? पण आशा दाखवून जो चालू औषध बंद करायला लावतो, त्याला आधी दार दाखवा.