उघड्या झाकणाखालची फणी

सन २०१७, मार्च महिना. हिवाळा नुकताच सरला होता. एका विज्ञानसंस्थेच्या तळघरातील टेबलावर मला स्क्रूंनी घट्ट बसवण्यात आले, तेथून माझी हकीकत सुरू होते. मी फणी आहे. परंतु केसांची नव्हे, प्रकाशाची. दोन मीटर काचतंतूच्या वेटोळ्यात लेसरचा प्रकाश दर सेकंदास दहा कोटी फेऱ्या मारतो आणि त्यातून अगदी समान अंतरावरचे लक्षावधी रंग उमटतात. ते माझे दात. त्यांच्या आधाराने कोणत्याही प्रकाशाचा रंग अचूक मोजता येतो. मात्र दात जागचे हलता कामा नयेत.

त्यासाठी मला दोन लगाम आहेत. एक दातांमधील अंतर राखतो, दुसरा सबंध फणी जागेवर धरतो. काचतंतू उबेने लांबतो, धक्क्याने थरथरतो, आवाजानेही शहारतो. लगाम ती थरथर क्षणोक्षणी सावरतात आणि त्याची बारीक नोंद संगणकात होते.

लगाम जुळवणारी संशोधिका मितभाषी व नेटकी होती. तिचा करार जूनअखेर संपत होता. मी कामाच्या दिवसांत सलग चोवीस तास स्थिर राहिले तरच तिला नोकरीत ठेवायचे, असे विभागप्रमुखांनी लेखी कळवले होते.

या गृहस्थांविषयी चार शब्द बरे बोलावेत, असे मला कधीही वाटले नाही. चालू असताना माझे वेटोळे हिरवे उजळते. ते पाहुण्यांना दिसावे, एवढ्यासाठी त्यांनी माझ्या पेटीचे झाकण काढून ठेवायला लावले.

"सर, झाकण असू द्या ना. नुसती हवा लागली तरी बिघडते ही."

"लाजते की काय? लोक उजेड बघायला येतात, डबा बघायला नाही!"

रोज सकाळी अकराला ते बूट आपटत येत, आदल्या दिवशीचा आलेख पाहत आणि माझ्या उघड्या डोक्यावर उभे राहून ओरडत. ओरडले की माझा दुसरा लगाम सुटे. तो सुटला की ते आणखी ओरडत. भिंतभर पदव्या टांगणाऱ्या माणसाला एवढेही उमजू नये!

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कळस केला. "एक फणी सांभाळता येत नाही तुला! घरी बस आणि केस विंचर!"

तिची बोटे माझ्या पेटीच्या कडेवर पांढरी पडली. दुरुस्तीसाठी आलेले वर्कशॉपमधले फिटरकाका दारातच उभे होते. साहेब गेल्यावर त्यांनी विचारले, "पोरी, हे रोज अकरालाच कसं गं बिघडतं? रविवारी बिघडतं का?"

तिने नोंदी उलगडल्या. साहेबांच्या सुट्टीच्या एकाही दिवशी मी हलले नव्हते.

"मग चांगलंय की. झाकण मशीनला नको, साहेबांनाच बसवू."

कित्येक आठवड्यांनी ती हसली. मग काकांनी जुन्या रेडिओचा स्पीकर आणून तारा जोडल्या. माझा दुसरा लगाम सुटत असे, पहिला कधीच नाही. आवाजाने उठलेली वेटोळ्याची प्रत्येक थरथर त्याने इमानाने टिपली होती; ती नोंद स्पीकरवर सोडली की तोच आवाज पुन्हा ऐकू येई.

एकवीस जूनला माझ्या बिघाडाच्या चौकशीसाठी संस्थेने नेमलेली समिती माझ्याच खोलीत बसली. साहेब शांतपणे म्हणाले, "मी आजवर कोणावरही आवाज चढवलेला नाही. यंत्र सदोष आहे आणि बाई अकुशल."

"सर, ऐकवू का?" तिने विचारले व उत्तराची वाट न पाहता बटण दाबले. खरखरीतून, परंतु स्पष्ट, माझ्या काचतंतूने साठवलेला आवाज खोलीभर घुमला: घरी बस आणि केस विंचर!

समितीतील वयस्क बाईंनी चष्मा काढून पुसला. "झाकण लावा," त्या एवढेच म्हणाल्या, "आणि चोवीस तास या खोलीत कोणी येऊ नका."

मी चोवीस तास हलले नाही. केवळ तिच्यासाठी नव्हे. त्यांना खोटे पाडायचे होते म्हणूनही.

तेवीस जूनला निकाल झाला. तिचा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढला आणि विभागप्रमुखांना या खोलीत येण्यास मनाई झाली. तुमच्या घरात, कचेरीत कोणी जिवाच्या आकांताने तोल सावरत असेल, तर त्याच्या डोक्यावर उभे राहून ओरडू नका, एवढेच माझे सांगणे आहे.

त्या दुपारी काका झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळत असताना साहेब उंबऱ्याबाहेर आले आणि "चुकलो" असे काहीसे पुटपुटले म्हणतात. माझ्या नोंदीत ते उमटलेले नाही. तेव्हा माझ्या लेखी ते बोललेच नाहीत.