चार घरं जास्त

आपल्या कबरीवर कसला दगड बसवायचा, हे प्रभुदास साळवे सरांनी स्वतःच ठरवून ठेवलं होतं. ते गेल्यावर महिन्याभराने टेबलाच्या खणात त्यांची चौकटींची वही सापडली. एका पानावर काळ्या शाईने भरलेला क्रूस होता आणि खाली एक ओळ: ‘दगडावर हा कोरावा. बायबलमधलं वचन तुम्ही निवडा.’

क्रूस साधा नव्हता. सत्तावीस घरं लांब, सत्तावीस घरं रुंद असा चौकोन घ्यायचा. त्याचे सारखे नऊ भाग करायचे आणि चार कोपऱ्यांचे भाग काढून टाकायचे. उरतो तो पाच चौकोनांचा क्रूस. मग त्या पाचांतल्या प्रत्येकाला तोच नियम, आणि त्यातून निघालेल्या पंचवीस चौकोनांना पुन्हा तोच. क्रुसाच्या पोटात क्रूस, त्याच्या पोटात आणखी क्रूस.

एवढं समजायला त्यांच्या मुलीला, रेबेकाला, कितीतरी महिने लागले. ती भिंगारच्या शाळेत मराठी शिकवायची. घरात पुस्तकांना जागा पुरत नव्हती, पण दहावीनंतर गणिताशी तिने संबंध ठेवला नव्हता. शेवटच्या वर्षात पपा या फ्रॅक्टलच्या, म्हणजे लहान भागातही अख्खाच आकार दिसणाऱ्या आकृत्यांच्या, नादी लागले होते. चर्चच्या मंडळीबरोबर राळेगणसिद्धीला गेले, तर बंधारे बघायचे सोडून टेकडीवरच्या ओघळींचं चित्र काढून आले. ओघळ ओढ्यासारखी, ओढा नदीसारखा, नुसतं माप वेगळं. येता-जाता म्हणायचे, “बेका, पाच मिनिटं बस गं. गंमत दाखवतो.” तिच्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असायचा. ती मान वर न करता म्हणायची, “नंतर, पपा.”

आता ती रोज संध्याकाळी वही घेऊन बसू लागली. समासात सरांनी आकडे मांडले होते: ७२९, ४०५, २२५, १२५. म्हणजे दर पायरीला उरलेली घरं. त्याखाली लिहिलं होतं, ‘जागा कमी होत जाते, क्रूस वाढत जातात. थांबलंच नाही तर जागा शून्याकडे जाईल आणि क्रूस मोजता येणार नाहीत. याने मला धीर येतो.’ हे शेवटचं वाक्य गणिताच्या वहीत कसं आलं, याचा ती पुष्कळ दिवस विचार करत राहिली. सरांना तेव्हा डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं.

पुण्याहून भावाचा, इमॅन्युएलचा फोन आला. “ग्रॅनाइटवर मशीन तासाभरात कोरून देतं. कशाला त्या पाथरवटाच्या मागे लागतेस?”

“पपांचा दगड हातानेच होईल,” ती म्हणाली.

पाथरवट म्हणजे कानिफनाथ. पाथर्डी रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड, पुढे पाटे-वरवंटे आणि तुळशीवृंदावनं मांडलेली. आठवीपर्यंत तो सरांच्या गणिताच्या वर्गात होता. पान हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला.

“ताई, ह्ये संपतं कुठं?”

“संपत नाही.”

“मग माझी बी जागा बघून ठिवा सरांच्या शेजारी. ह्ये कोरता कोरता माझाच नंबर लागायचा.”

त्याने एका तुकड्यावर करून पाहिलं. अर्ध्या इंचाचं घर नीट उठत होतं. त्याच्या आत शिरलं की कडेचे टवके उडत. म्हणून तीन पायऱ्या ठरल्या, सरांच्या कागदावर होत्या तेवढ्याच.

रविवारी पहिला स्मृतिदिन. पाळकसाहेब कबरीवर प्रार्थना घेणार होते. गुरुवारी शाळा सुटल्यावर रेबेका दगड बघायला गेली. काळ्या दगडात क्रूस स्वच्छ उठला होता. नजरेचं समाधान झालं, तरी ती बोट फिरवत घरं मोजू लागली.

एकशे एकोणतीस.

पुन्हा मोजली. पुन्हा एकशे एकोणतीस, म्हणजे समासातल्या शेवटच्या आकड्यापेक्षा चार जास्त. मग तिला दिसलं. खालच्या भुजेच्या अगदी टोकाचा चौकोन कोरायचा राहिला होता. बाकी चोवीस जागी पाच घरांचा क्रूस, इथे नुसता नऊ घरांचा सपाट चौकोन.

“कानिफनाथभाऊ, हे काय केलंत? एक राहिला की!”

“राहिला न्हाई. कागदावर हाय तस्सा केलाय.”

तिने पिशवीतून वही काढली. इतके महिने हे पान ती पाहत होती. टोकाशी शाई पसरली असेल, एवढंच तिने धरलं होतं. पण शाई पसरलेली नव्हती. चौकोनाच्या कडा पट्टीने आखलेल्या होत्या. खालची ओळही त्याच शाईत, ठाम अक्षरात होती. हात थकून थांबला होता, असंही नव्हतं.

“मला वाटलं, तुमाला ठावं असंल,” कानिफनाथ म्हणाला. “सर फळ्यावर नऊ गणितं सोडवायचे अन् धावं नुसतं मांडून ठिवायचे. ह्ये तुमचं, म्हनायचे. माझं एकदा सुटलं न्हाई, तर सरांनी तीन दिस त्ये कुनाला पुसू दिलं न्हाई. म्या म्हनलं, ह्ये बी कुनासाठी तरी ठिवलं असंल.”

रेबेका शेजारच्या पाट्यावर बसली. लहानपणी घरीसुद्धा तिच्या वहीत ते असंच करायचे. शेवटचं गणित मांडलेलं, खाली रिकामी जागा. ती तशीच ठेवून ती गोष्टीचं पुस्तक घेऊन पळायची.

“उकरून देऊ? तासाभराचं काम हाय.”

“नको. गेरू आहे का?”

गेरूच्या खड्याने तिने त्या चौकोनावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मारल्या. नऊ घरं झाली. चार कोपऱ्यांवर फुल्या केल्या.

“हे चार काढायचे,” ती म्हणाली.

कानिफनाथने छिन्नी आणि हातोडा तिच्यापुढे धरला. “मग काढा की. मनगट सैल सोडा. आन् दगडाला राग दाखवू नगा, त्यो ऐकत न्हाई.”

पहिला कोपरा वाकडा गेला. दुसऱ्याला त्याने तिचा हात धरून कोन दाखवला. तिसरा बरा आला. चौथा संपला तेव्हा तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि साडीवर दगडाची पूड बसली होती. पहिल्या कोपऱ्याकडे बोट करून तो म्हणाला, “ह्यो जरा सरळ करून देऊ?”

“असू दे. पपांनी माझी वही कधी खोडली नाही.”

तिने पूड फुंकली आणि वरच्या टोकापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. कानिफनाथ छिन्न्या पुसत उभा राहिला. ती खालच्या टोकाशी पोचून थांबली.

“आलं का बराबर?” त्याने विचारलं.

तिने त्या वाकड्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“आलं,” ती म्हणाली. “एकशे पंचवीस.”