कुशीवर झोपणाऱ्या सिंधूबाईंची गादी

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंगची गादी आहे. दुकानात होते तेव्हा तीन वर्षांत माझ्यावर शेकडो माणसं आडवी झाली, पण एक बाई सोडली तर पाच मिनिटांच्या वर कोणी टिकलं नाही. त्यानंतरची सात वर्षं तीच बाई माझ्यावर झोपली. तिची हकीकत वगळली तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

माझा जन्म कारेगावजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे यंत्र तारेची वेटोळी वळायचं आणि ती एकमेकांत गुंतवून जाळी तयार व्हायची. त्या जाळीवर दाबलेल्या धाग्यांचा जाड नमदा घातला, नमद्यावर फोम, आणि सगळ्यात वर फिकट निळं कापड. शेवटी कडेची पट्टी शिवायला मला नकुशी नावाच्या बाईसमोर ठेवलं. कोपऱ्यावर मशीन वळवताना ती श्वास रोखून धरायची आणि कोपरा झाला की सोडायची. माझ्यासाठी तिने चार वेळा श्वास रोखला. माझे चारही कोपरे आजही शाबूत आहेत, हे तिचं श्रेय.

माझ्यावर चिठ्ठी लागली, 'मीडियम फर्म'. म्हणजे फार कडक नाही आणि फार मऊही नाही. अशा चिठ्ठीच्या वस्तूकडे लोक जरा संशयानेच पाहतात, हे मला दुकानात गेल्यावर कळलं.

दुकान यवतला, हायवेच्या कडेला होतं. मालकीण अनुपमाताई. त्यांनी माझं प्लास्टिक काढलं आणि मला दाराजवळच्या पलंगावर दाखवायला म्हणून ठेवलं. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडे यायचं. बाप्ये माणसं मुठीने ठोसा मारून पाहायची, बसून दोन उड्या घ्यायची, मग पाय बाहेर ठेवून आडवी व्हायची. हळूहळू मला माणसांची झोपण्याची तऱ्हा ओळखू येऊ लागली. पाठीवर झोपणाऱ्याच्या कमरेखाली पोकळी राहते, तिथे खालून आधार द्यावा लागतो. पोटावर झोपणाऱ्याचं पोट जास्त आत जाता कामा नये, नाहीतर कंबर आखडते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा मात्र थोडा आत जाऊ द्यावा लागतो आणि कंबर वर धरावी लागते. शिवाय वजनाप्रमाणे फरक पडतो. भरल्या अंगाच्या माणसाला जे मऊ लागतं तेच हलक्या माणसाला कडक लागतं. अनुपमाताईंना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "झोपणार कोण, आणि झोपतं कसं?"

एक गोष्ट मात्र मी तीन वर्षांत पाहिली नाही. एकही बाई माझ्यावर आडवी झाली नाही. बायका यायच्या, तळहाताने मला दाबायच्या, कापडावरून हात फिरवायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. पसंती त्यांच्या माणसांची असायची.

सिंधूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हाही असंच झालं. यवतपासून आत, कॅनॉलच्या कडेला त्यांची बागायत होती, शेवंती आणि झेंडूची. वय छप्पन्न, अंगाने हडकुळ्या. सोबत नवरा पोपटराव आणि सून ज्ञानेश्वरी. सिंधूबाईंचा उजवा खुबा आणि खांदा वर्षभर दुखत होता. सकाळी उठताना खाटेचा खूर धरावा लागायचा. फुलं तोडायला वाकायचं म्हणजे शिक्षाच. तीस वर्षं फुलांची तोडणी त्यांच्या हाताखाली चालली होती. कुठली कळी आज खुडायची आणि कुठली उद्यावर ठेवायची, हे बाया त्यांना विचारायच्या. महिन्यापूर्वी पोपटरावांनी सांगून टाकलं होतं, आता घरी बसायचं, तोडणीचं सून बघेल. दौंडच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, गोळ्या दिल्या आणि आधी अंथरूण बदला म्हणाले.

दुकानात पोपटरावांनीच बोलायला सुरुवात केली.

"कडक दाखवा. एकदम कडक. मऊवर कंबर जाती."

"झोपणार कोण?" अनुपमाताईंनी विचारलं.

"हिच्यासाठी हाय."

"मग काकूंना झोपून बघू द्या की."

सिंधूबाईंनी पदर सावरला. "अगं बाई, हितं? रस्त्यानं माणसं जात्यात." त्यांनी मला एकदा दाबलं आणि लगेच हात काढून घेतला. "कुठलीबी द्या. मला काय कळतंय त्यातलं."

पोपटराव समोरच्या काथ्याच्या कडक गादीवर उताणे झोपले, डोळे मिटले, उठले आणि म्हणाले, "ही. ह्याला म्हंत्यात गादी."

"मामा, झोपायचं आत्यांना हाय ना?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मग? माझी कंबर बरी झाली ती कडकवरच. तिची न्हाई व्हनार?"

अनुपमाताईंनी आणखी एकदा सुचवून पाहिलं. पोपटरावांनी ऐकलं नाही. काथ्याची गादी गाडीत चढली. जाताना अनुपमाताई ज्ञानेश्वरीला हळूच म्हणाल्या, "प्लास्टिक काढू नका. पंधरा दिवसांत बदलून देईन."

पुढचं घरातलं मी पाहिलेलं नाही, पण ज्ञानेश्वरीने नंतर दुकानात जे सांगितलं ते माझ्यासमोरच सांगितलं. सिंधूबाई लग्नाआधीपासून उजव्या कुशीवर झोपत. कडक गादीवर सगळा भार त्या एका खुब्यावर आणि खांद्यावर. पहिल्या चार रात्री त्या बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी उठता उठता त्यांचा हात सटकला आणि त्या खाटेच्या कडेला आपटल्या. पोपटराव म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतो. सिंधूबाई व्हय म्हणाल्या. मग तोडणीच्या बाया दारावरून गेल्या. त्यांच्यात बोलणं चाललं होतं, ह्या खेपेला कळ्याच जास्त खुडल्या जातायत. ते ऐकून सिंधूबाई आत आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "गाडी काढ. मला यवतला जायचंय."

दुपारी बारा साडेबाराला दोघी स्कूटीवरून उतरल्या. सिंधूबाई पायरी चढून सरळ माझ्याजवळ आल्या. अनुपमाताई हिशेबाच्या टेबलाशी डबा खात होत्या. त्या उठायच्या आत सिंधूबाई म्हणाल्या, "मला झोपून बघायचंय."

त्यांचा आवाज बारीक होता. असं वाक्य त्या दुकानात कुठल्या बाईने म्हटलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

अनुपमाताईंनी डबा झाकला. शटर अर्धं ओढलं. दोन कपाटांच्या मध्ये एक चादर बांधली, म्हणजे रस्ता दिसेनासा झाला. ज्ञानेश्वरी दारात खुर्ची टाकून बसली. सिंधूबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि माझ्यावर उताण्या झोपल्या. दोन्ही हात अंगाला चिकटवलेले, नजर वर पत्र्याकडे. दवाखान्यात तपासायला झोपतात तशा.

"घरी अशाच झोपता का?" अनुपमाताईंनी विचारलं.

"न्हाई. कुशीवर."

"मग कुशीवर व्हा. जशी सवय आहे तशी. ही घ्या उशी, खांदा आणि मानेमधली जागा भरायला पाहिजे."

सिंधूबाई वळल्या. त्यांचा खांदा माझ्यात थोडा गेला, खुबा थोडा गेला, आणि कमरेखाली मी उरले. त्या हलक्या होत्या. मला फार काही करावं लागलं नाही. अनुपमाताईंनी मोजायची पट्टी घेऊन त्यांच्या मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीला लावून पाहिली. "सरळ आहे," त्या म्हणाल्या. "आता पंधरा मिनिटं उठायचं नाही. दोन मिनिटांत काही कळत नसतं."

"पंधरा मिनिटं नुसतं पडून ऱ्हायचं?"

"नुसतं पडून."

आधी त्यांचं अंग ताठ होतं. रस्त्यावरून ट्रक गेला की दचकायच्या. मग ट्रक गेले तरी दचकायचं थांबलं. दहाव्या मिनिटाला त्यांना झोप लागली.

पंधरा मिनिटं झाली. अनुपमाताईंनी चादर सारून पाहिलं आणि परत सोडली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला ज्ञानेश्वरीने दारातूनच तासाभराने या म्हणून सांगितलं. तो माणूस म्हणाला, "दुकान चालू हाय का बंद?" ती म्हणाली, "चालू हाय. आत गादी बघणं चाललंय." दुसऱ्या एकाला तिने असंच परत पाठवलं. सव्वा तासाने पोपटराव आले. घरी दोघी नाहीत म्हणून त्यांनी सुनेला फोन केला होता आणि तिने खरं ते सांगितलं होतं.

ते तणतणत चढले. "तिला काय व्हतंय? घरची कामं सोडून..."

ज्ञानेश्वरीने तोंडावर बोट ठेवलं आणि चादर बाजूला केली.

पोपटरावांनी पाहिलं. बायको भर दुपारी झोपली होती, तोंड थोडं उघडं होतं, एक हात गालाखाली होता. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. रात्रीही ती त्यांच्या मागून झोपायची आणि आधी उठायची. ते बराच वेळ उभे राहिले. मग एका स्टुलावर बसले आणि हळू आवाजात अनुपमाताईंना विचारलं, "ती रोज अशी झोपती?"

"मला कसं माहीत असणार?" अनुपमाताई म्हणाल्या.



सिंधूबाई जाग्या झाल्या तेव्हा त्यांना आधी आपण कुठे आहोत ते कळलं नाही. नवरा समोर दिसला तशा त्या ताडकन उठून बसल्या. कशालाही न धरता उठल्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आणि ज्ञानेश्वरीच्या आलं.

"अगं बया! उठवायचं न्हाई व्हय मला?"

पोपटराव मला हाताने दाबत म्हणाले, "मऊ हाय ही. वर्षात बसंल. आन् माझी कंबर?"

सिंधूबाईंनी पाय चपलांत घातले, पदर सोडला. "तुमची कडक हाय की घरी. तुम्ही तिच्यावर झोपा. मला ही पायजे."

"दोन गाद्या? लोक काय म्हंतील?"

"लोकं येत्यात व्हय आपल्या खोलीत? ही बसली तर माझी मी बघीन."

अनुपमाताई म्हणाल्या की ही दाखवायची आहे, तुम्हाला हिच्याच जातीची नवी देते. सिंधूबाईंनी मान हलवली. नवीवर त्या झोपल्या नव्हत्या. त्यांना झोप माझ्यावर लागली होती.  माझं एक टोक पोपटरावांनीच धरलं आणि मला गाडीत घातलं.

अशी मी त्या घरात आले. दोन खाटा शेजारी शेजारी लागल्या, एकीवर काथ्याची, एकीवर मी. माझी उंची चार बोटं जास्त होती. आठ दिवस पोपटरावांनी त्यावरून कुरकुर केली, मग विसरले.

मी औषध नव्हे, हे मला कबूल केलं पाहिजे. दुखणं एका दिवसात गेलं नाही. डॉक्टरांचे व्यायाम सिंधूबाईंनी नेमाने केले. पण दीड महिन्यात त्या खुराला न धरता उठू लागल्या आणि शेवंतीच्या मोठ्या तोड्याला स्वतः रानात गेल्या. त्या दिवशी परत आल्या तेव्हा अंगाला शेवंतीचा उग्र वास होता आणि त्या न जेवताच माझ्यावर पडल्या. ज्ञानेश्वरीने ताट झाकून ठेवलं. पोपटरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्या घरात माझ्या वाट्याला आलेला मान तो एवढाच, आणि मला तो पुरला.

कौतुकाचे दिवस संपले की वस्तू घरातली होऊन जाते. माझंही तसंच झालं. पहिलं वर्षभर ज्ञानेश्वरी दर तीन महिन्यांनी मला फिरवायची, उशाकडची बाजू पायथ्याला. नंतर तिला मूल झालं आणि फिरवणं राहिलं ते राहिलंच. नातू माझ्यावर उड्या मारून मोठा झाला. एका लग्नाच्या वेळी पाहुण्यांनी माझ्यावर पाण्याचा तांब्या सांडला. वरून चादर टाकली गेली, मला ऊन कोणी दाखवलं नाही. आतल्या दोन तारा गंजल्या. जिथे सिंधूबाईंचा खुबा टेकायचा तिथे मी खोल गेले. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, नुसत्या वीतभर सरकून झोपू लागल्या. मला राग आला नाही. राग यायला मी काही माणूस नव्हे. पण वेळेवर फिरवलं असतं तर आणखी तीन वर्षं मी त्यांना धरलं असतं, एवढं नक्की.

गेल्या आठवड्यात त्यांना सकाळी पुन्हा खुबा जाणवला. या वेळी त्या वर्षभर थांबल्या नाहीत. त्याच दिवशी घरात म्हणाल्या, "हिचं झालं आता. दुसरी आणू." आज मी पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. उद्या भंगाराची गाडी येईल, तारा निराळ्या होतील आणि कापड निराळं होईल. आत नव्या गादीचं प्लास्टिक काढण्याचा आवाज येतो आहे. सिंधूबाई सुनेला बजावतायत, "समदं काढ. घाम येतो त्याच्यावर."

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. गादीला फिरवत जा. सांडलं तर पुसा, वाळवा, आणि मगच चादर घाला. मधे खड्डा पडला तर सरकून झोपू नका, तोंडाने सांगा. आणि घरात नवी गादी आणायची असेल तेव्हा ती कोणासाठी आणताय, त्या माणसाला घेऊन जा. ते माणूस बहुधा 'कुठलीबी चालंल' म्हणेल. ते खरं धरू नका. त्याला जसं झोपायची सवय आहे तसं झोपू द्या, कोणी बघणार नाही एवढी आडोशाची सोय करा, आणि तुम्ही बाहेर जाऊन सावकाश चहा घ्या. ते माणूस उठेपर्यंत बिल करायला सांगू नका.