अर्धा उरलेला ओंडका

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. खरं तर अर्धाच. बांधावरची बाभूळ वादळात पडली, तेव्हा आकारामनं तिच्या बुंध्यातून मला कापून काढलं आणि कागलजवळच्या आपल्या घराच्या परड्यात, छपराखाली ठेवलं. वीस वर्षं या घरचं जळण माझ्यावर ठेवून फोडलं गेलं. माझ्याच भाऊबंदांचे माझ्याच डोक्यावर तुकडे व्हायचे, मला ते कधी आवडलं नाही. पण संध्याकाळी आकाराम, नि त्याच्या माघारी त्याचा मुलगा केरबा, माझ्यावर बसून चहा प्यायचा. तेवढ्यावर मी सगळं विसरायचो.

२००५ साली केरबाची लेक तेजस्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या शेकाला जळण हवं, म्हणून केरबानं मे महिन्यात लाकडं फोडली. ती अजून ओलीच होती. रास रचून झाल्यावर त्यानं जाड प्लास्टिकचा कागद तिच्यावर चारी बाजूंनी घट्ट आवळला.

"अवो, नुसतं वरनं झाका. बाजूनं वारं लागू द्या की!" त्याची बायको बनाबाई म्हणाली.

"माझ्या लेकीचं जळण हाय. एक थेंब लागू देणार न्हाय," केरबा गुरकावला.

कागदाला आतून घाम फुटलेला मला दिसत होता. पण ओंडक्याचं कोण ऐकतं?

तेजस्वी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी मूठभर होती. "ऊब कमी पडू देऊ नका," असं दवाखान्यात बजावलं होतं. त्यांना घरी आणलं तेव्हा पावसाची झड लागलेली. केरबानं कागद सोडला, तर लाकडांवर पांढरी बुरशी! शेगडीला निखारा मिळेना, घरभर नुसता धूर. बाळ ठसकू लागलं आणि त्याचं रडणं बारीक होत गेलं. मी फार घाबरलो.

"काय करून बसलो गं मी!" केरबा म्हणाला. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. अख्ख्या परड्यात वाळलेलं लाकूड एकच होतं.

त्यानं मला मधोमध फोडलं. माझ्या एका अर्ध्याचे तुकडे करायला दुसऱ्या अर्ध्याचाच आधार घेतला. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण थोड्या वेळानं शेगडी लालबुंद झाली आणि आतून बाळाचं खणखणीत रडणं ऐकू आलं.

ती नात आता चार वर्षांची आहे. उरलेल्या माझ्यावर केरबाला बसता येत नाही, तीच बसते. मित्रांनो, जपायचं ते जरूर जपा, पण त्याला वारा लागू द्या. रास झाकायला कागद हातात घेतला, की केरबा अजून आधी माझ्याकडे बघतो.