दहावा नमुना

"मन्हं रक्त कसं निंघनं मग? पास का नापास?" ओट्यासमोर वाळत घातलेल्या मिरच्या उलथवत सुकलालबापूंनी विचारलं.

त्यांची मुलगी चेतना खाटेवर लॅपटॉप उघडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पास, बापू."

"देख दोधू!" बापू शेजाऱ्याकडे वळले. "पुण्याना संशोधनमा मन्हं रक्त शे. तुन्हं लेतीन का कोनी?"

"मन्हामातीन बिडीना धूर निंघी," दोधूआबा म्हणाले.

बापू हसले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. दम खाऊन पुन्हा मिरच्यांना लागले.

नंदुरबारच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळा सांभाळली होती. नळ्या धुतल्या, मुलांनी सांडलेला लोहकीस झाडून घेतला. म्हणून पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या चेतनाचं काम कोरीट गावच्या घरात त्यांनाच तेवढं कळलं. रक्तातल्या काही प्रथिनांना फॉस्फेट चिकटलेलं असतं. प्रथिनांच्या लाखो तुकड्यांतून तेवढेच वेचायला ती लेप दिलेले बारीक चुंबकी कण वापरायची. नळीला बाहेरून चुंबक लावला, की कण आपापला तुकडा धरून एका बाजूला बसत. उरलेलं धुऊन टाकायचं.

"हाई ते शायामजारलाच परयोग शे," शाळेतला लोहकीस आठवून बापू म्हणाले होते. "फक्त कीस बारीक."

आणि निरोगी माणसांचे दहा नमुने हवेत म्हटल्यावर स्वतःहून पुण्याला येऊन बाही वर केली होती.

तपासणीत नऊ नमुन्यांचे आलेख एकमेकांशी जुळले. दहावा भलतीकडेच गेला. नळीवर नाव नव्हतं, पण दहावा कोणाचा हे तिला माहीत होतं. कणांचा लेपच बिघडला असेल, तिनं ठरवलं. पुन्हा करून बघायला कण थोडेच उरले होते, प्रबंधाची तारीख जवळ आली होती. तिनं तक्त्यातली दहावी ओळ खोडली. त्याला आता आठ महिने झाले होते.

मिरच्या उलथवल्या तो रविवार. सोमवारी सकाळी बापू नळापाशी कोसळले. गुरुवारी गेले. रक्तातलाच बिघाड, डॉक्टर म्हणाले, बऱ्याच महिन्यांचा असावा.

त्या आलेखावरून आजाराचं नाव कोणालाच सांगता आलं नसतं. चेतनाला हे पक्कं ठाऊक होतं. पण फोनवर एक वाक्य बोलायला कुठलं यंत्र लागत नव्हतं.

सातव्या दिवशी ब्राह्मणपुरीचे पाहुणे भेटायला आले. दोधूआबा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, तेच त्यांनी पाहुण्यांनाही सांगितलं. "मानूस गया, पन त्यानं रक्त पुण्याले कामले उनं."

चेतनाच्या आईनं, नर्मदाबाईंनी, पदरानं डोळे पुसले. "त्यास्ना जीव त्यामाच व्हता. पास व्हयनू म्हनी गावभर सांगत फिरनात."

"नही, माय," चेतना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"बापूना नमुना मी काढी टाका. बाकीनासंगे जुळत नव्हता. माले वाटनं, मन्हा कणच खराब शेतस. बापू, एकदाव रक्त तपासी ल्या, इतलं बी मी सांगं नही. आनि त्यास्नी इचारं, तव्हय पास म्हनी दिधं."