सात नंबरचे कांदे

डॉ. श्रीनिवास खांबेटे यांना वाया जाणाऱ्या वस्तूचा तिटकारा होता, आणि मनाविरुद्ध जाणाऱ्या निष्कर्षाचा त्याहून जास्त. कर्वेनगरच्या त्यांच्या कॉलेजात सांधेदुखीवरची नवी रसायनं तयार होत. ती पेशींना बाधतात का, हे त्यांची विद्यार्थिनी स्वराली कांद्यावर तपासत असे. कांद्याची मुळं रसायनाच्या पाण्यात वाढवायची, टोकं कापायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहायची. नऊ नंबरचं रसायन गुणी निघालं. विषाच्या माऱ्यातही ते डीएनए सांभाळून घेई. सात नंबरने मात्र गुणसूत्रांचे पार तुकडे केले होते.

आणि नेमकं सात नंबरच सरांचं लाडकं. हिंजवडीच्या एका कंपनीसमोर तेच मांडायचं ठरलं होतं.

"आपण फार बारकाईनं बघता," सर म्हणाले. "निर्धोक आहे असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"तुकडे दिसतायत, सर."

"मग चष्मा बदला. प्रबंधावर माझी सही हवीय ना?"

एका सहीसाठी हे ऐकून घ्यावं लागतं, म्हणून स्वरालीला स्वतःचीच चीड आली. तरी तिने काही लिहिलं नाही. प्रिंटर बिघडलाय असं सांगून दिवस ढकलला.

दुसऱ्या दिवशी कांदेनवमी होती. खांबेटे चातुर्मास कडक पाळत, चार महिने कांद्याला शिवत नसत; त्यामुळे आधीच पोटभर भजी खाऊन घेणं भाग होतं. त्यांनी अख्ख्या विभागाला बोलावलं. विभागाला चहा मिळाला आणि भज्यांची बशी सरांच्या केबिनमध्ये गेली.

स्वराली प्रयोगशाळेत आली तर एक टेबल रिकामं.

"वासंतीताई, प्रयोगशाळेतले कांदे कुठे गेले?" तिने कॅन्टीनमध्ये जाऊन भजी तळणाऱ्या बाईंना विचारलं.

"सरांनीच आणून दिले की. म्हणाले, मुळं कापून झालीत, एवढा चांगला कांदा काय टाकून द्यायचा?"

ती धावत केबिनमध्ये गेली. सर शेवटचं भजं चटणीत बुडवत होते.

"सर, ते सात नंबरचे कांदे होते."

भजं चटणीतच राहिलं.

"पण ते निर्धोक आहे," सर म्हणाले. मग बशी दूर सारत, "आहे ना?"

"तुम्हीच सांगितलंत, सर."

"माझं राहू द्या हो. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

कित्येक वर्षांनी खांबेटे स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. प्रत्येक तुकडा त्यांना दिसला, तोही जुन्याच चष्म्यातून. स्वरालीला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली.

एकादशीच्या सकाळी ते उतरलेल्या चेहऱ्याने आले. सात नंबर घातक असल्याचा अहवाल तिने पुढे केला. त्यांनी न वाचता सही केली. खाली प्रबंध होता, त्यावरही केली. मग दार लावून घेतलं.

"नऊ नंबरचे कांदे उरलेत का?"

"आज एकादशी आहे, सर."

"औषध म्हणून चालतं," खांबेटे म्हणाले, आणि त्यांनी सुरी मागितली.