बैलाचं मुसकं, घोडीचं तोंड

मी एक जुनं मुसकं आहे. सुतळीचं, हाताने विणलेलं, आता रंग उडून मातकट झालेलं. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मुसकं पाहिलंही नसेल. मुसकं म्हणजे जनावराच्या तोंडावर बांधायची जाळी. कोळपणीला जुंपलेले बैल चालता चालता आजूबाजूच्या पिकाला तोंड लावतात, ते लावू नये म्हणून आम्हाला बांधतात. काम साधं आणि नाव वाईट, असा आमचा जन्म.

मला हिंदुरावांनी विणलं. पुण्याच्या पश्चिम अंगाला त्यांचं गाव. तेव्हा ते महापालिकेत आलं नव्हतं आणि स्वारगेटहून दिवसातून दोनदाच एसटी यायची. हिंदुराव गोठ्याच्या पायरीवर बसले, पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवली आणि दोन दिवसांत मला पुरं केलं. बैलाच्या नाकाला काचू नये म्हणून वरच्या कडेला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली. जनावराच्या अंगावर काही घालायचं तर हा माणूस आधी ते स्वतःच्या गालावर घासून बघायचा. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते कुणा निर्दय माणसाने केलं, असा समज तुम्ही करून घेऊ नये.

अकरा हंगाम मी भुईमुगात आणि बाजरीत काम केलं. बैलाचा श्वास गरम, गवताच्या वासाचा. तो मुकाट्याने तोंड पुढे करायचा, कारण संध्याकाळी मला सोडलं की पुढ्यात पेंढी पडते हे त्याला ठाऊक होतं. आणि एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. बैलाला वरचे पुढचे दात नसतात. तो शिंग मारील, लाथ मारील, पण चावणार नाही. हिंदुरावांनी उभा जन्म बैलांत काढला होता. जनावर चावतं म्हणजे काय, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

मग गावात मोजणीवाले आले. ज्या रानात मी घाम प्यायलो तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गळ्यात पट्टे अडकवलेली मुलंमुली बसमधून उतरून आत जाऊ लागली. हिंदुरावांनी बंगला बांधला आणि बैल विकले. बैल गेले त्या दिवशी ते जेवले नाहीत. पहाटे उठायची सवय मात्र सुटेना, म्हणून ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला लटकून होतो. आम्ही दोघंही बिनकामाचे.

सहा वर्षांनी त्या शेडमध्ये घोडी आली. हिंदुरावांचा मुलगा पृथ्वीराज याचं लग्न ठरलं होतं. भाड्याची घोडी सगळेच आणतात, आपली घरची पाहिजे, व्हिडिओत लुक येतो, असं त्याचं म्हणणं. तो सारंगखेड्याच्या बाजारातून कुमैत, म्हणजे काळपट तांबूस रंगाची घोडी घेऊन आला. हिंदुराव आधी पुष्कळ बडबडले. मग त्यांनी वय बघायला तिचे पुढचे दात पाहिले, पाठीवर हात फिरवला आणि त्यांचा चेहराच बदलला. तिचं नाव त्यांनी शेवंती ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून पोर्चमधली खुर्ची रिकामी राहू लागली. खरारा, पाणी, लीद काढणं, सगळं ते स्वतः करायचे. माणूस पुन्हा माणसात आला म्हणा ना.

चावण्याची सुरुवात अशी झाली. पृथ्वीराजचे मित्र येत, तिला बोटांच्या चिमटीत गुळाचा खडा दाखवत, तिने मान पुढे केली की हात मागे घेत आणि हसत. एकदा खड्याबरोबर एकाचं बोट दातांत आलं. पृथ्वीराजने तिच्या तोंडावर फाडकन चापट मारली. त्यानंतर कुणाचाही हात तोंडाजवळ आला की ती मान झटकू लागली. पण पुढे वेगळंच काही सुरू झालं. लगाम घालायला घेतला की ती कान मागे पाडायची, शेपटी आपटायची, मान वळवून हवेतच दात वाजवायची. हे तिचं सांगणं होतं. मला ते खिळ्यावरून दिसत होतं आणि कळत नव्हतं, कारण मीही बैलांच्यातलाच. एके सकाळी लगामाची कडी तिच्या डाव्या गालाला लागली आणि तिने हिंदुरावांचा दंड धरला. सदऱ्यातून रक्त आलं.

त्यांची बायको सोजरबाई हळद घेऊन धावत आली. दंडाला हळद दाबता दाबता ती म्हणाली, "अवं, तिला काय तरी हुतंय. माझी दाढ किडली हुती तवा मी न्हाई का तुमच्या अंगावर वसकन यायची?"

"तू दाढ नसताना बी येतीस," हिंदुराव म्हणाले. "खोड हाय ही. जनावराची खोड येळंवर मोडाय लागती."

आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. दोन गाठी मारून माझं तोंड अरुंद केलं. चिंधी बदलली. स्वतःच्या गालावर घासून बघितलं. मित्रांनो, इतकी माया लावून त्यांनी मला शेवंतीच्या तोंडावर बांधलं आणि त्या दिवसापासून तिचं चावणं थांबलं. मला फार अभिमान वाटला. पाहुणे येत, तिच्या मानेवर हात ठेवत आणि म्हणत, "काय गरीब घोडी हो!" इतकी वर्षं धूळ खात पडलेल्या माझ्यासारख्याला अशी स्तुती चढणारच.

पण माझं काम नाकातोंडाशी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला वास येऊ लागला. गवताचा नव्हे, खराब झालेल्या जखमेचा. तिची लाळ माझ्या सुतळीत मुरायची, ती चिकट आणि कधीकधी तांबूस असायची. डावा गाल मला उजव्यापेक्षा जास्त टेकायचा. वैरणीच्या वेळी मला सोडून गव्हाणीच्या कडेला टांगत, तेव्हा समोर दिसायचं की ती घास घेते, मान वाकडी करून घोळवते आणि अर्धवट चघळलेला गोळा खाली टाकते. हिंदुराव ते गोळे झाडून काढत आणि म्हणत, "लाडावलीया. हिरवं पायजे म्हाराणीला." आणि खरोखर लांब जाऊन हिरवं घेऊन येत.

लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा नाल ठोकायला कोंडीराम आला. खडकवासल्याकडच्या एका पागेत त्याने तीस वर्षं मोतद्दारी केली होती, म्हणजे घोड्यांची निगा राखायचं काम. मला बघून तो उभाच राहिला.

"पाटील, हे काय लावलंय?"

"चावती."

"मग तोंड बघितलं का?"

"आल्या दिशीच दात बघितल्यात. पाच वर्सांची हाय."

"पुढचे बघितले. मागच्या दाढा कुणी बघायच्या, मी?" कोंडीरामने हातातला नाल खाली ठेवला. "घोड्याची दाढ जन्मभर वाढती, पाटील. कडंला धार येती आन गाल कापती. वर्साला कानस मारावी लागती. बैल रवंथ करतो, राहिलेलं परत बारीक करतो. हिला ती सोय न्हाई. आज डाक्टर बोलवा. आन महिनाभर लगाम घालू नका."

"महिनाभर? पाच दिवसांवर वरात हाय."

"मग भाड्याची आणा."

हिंदुरावांचा चेहरा ताठ झाला. गावात पत्रिका वाटताना त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं, घरच्या घोडीवर वरात आहे म्हणून. "मी पन्नास वर्सं जनावरं केली कोंडीराम. मला शिकवू नको. वरात झाली की बोलवू डाक्टर."

कोंडीरामने चार नाल ठोकले. जाताना त्याने शेवंतीच्या डाव्या गालाखाली नुसती बोटं टेकवली. ती थरथरली आणि माझ्या आत तिने तोंड उघडायचा प्रयत्न केला. मी उघडू दिलं नाही. माझी वीण पक्की होती.

वरातीच्या दिवशी सोजरबाईने माझ्या कडेला सोनेरी जर शिवली, फोटोत वाईट दिसू नये म्हणून. लगाम आत, मी वर, त्यावर मोत्यांच्या माळा. पुढे डीजे, मागे फटाके. पृथ्वीराज जुन्या पद्धतीचा फेटा बांधून वर बसला आणि मित्रांच्या नाचाबरोबर लगाम हिसकत राहिला. दर हिसक्याला तिचं तोंड आतून माझ्यावर आदळत होतं. कान मागे, मान वळलेली, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. पण मोत्यांखाली कुणाला काय दिसणार? तिच्याकडे सांगायला दात होते, ते मी धरून ठेवले होते. दोन तास ती नीट चालली. सगळे म्हणाले, घोडी असावी तर अशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सत्यनारायणाच्या पूजेची तयारी चाललेली असताना शेवंती शेडमध्ये आडवी झाली. उठायची, पोटाकडे बघायची, पुन्हा लोळायची. अंग घामाने निथळत होतं. नव्या सुनेने फोन करून जनावरांच्या डॉक्टर नम्रताताईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या मला सोडून बाजूला टाकलं, पोटाला नळी लावून ऐकलं, औषध टोचलं आणि मग तोंड उघडून आत टॉर्च मारला.

"काका, ही चावत होती का?"

"व्हय. पण महिना झाला, थांबलीया."

"थांबली नाही. थांबवलीत आपण." त्यांनी हातमोजे काढले. "डावी मागची दाढ कुजली आहे. गाल आणि जीभ आतून फाटली आहे. गवत बारीक न होता पोटात गेलं आणि आतड्यात अडकलं. आता ते सुटेल असं मला वाटत नाही."

हिंदुराव शेवंतीशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "ती मला चावली, त्या दिशी तुमास्नी बोलिवलं असतं तर?"

"तर दाढ काढली असती. पंधरा दिवसांत नीट खायला लागली असती."

नम्रताताई खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही.

दुपारपर्यंत औषधं चालली. मग तिचे हाल थांबवण्यासाठी शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. हिंदुरावांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. सोजरबाई तेवढी दारात थांबली. ते शेवंतीच्या डोक्याशी बसले, तिची मान मांडीवर घेतली. मग सदऱ्याची बाही वर केली आणि तिने पूर्वी चावलेला तो दंड, वण वर करून, तिच्या ओठांशी नेला.

"चाव," ते म्हणाले. "चाव बाय. मी ऐकतोय आता."

शेवंतीने कान हलवला. ओठ त्या दंडावर टेकले आणि तसेच राहिले. चावायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. हिंदुराव पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. दारातून सोजरबाई म्हणाली, "अवं, पुरे." तरी ते थांबले नाहीत. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हाही दंड तिथेच होता.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगत असतील की आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा. मी तसं काही मागत नाही. मला जाळलंत तरी चालेल. फक्त एवढं करा. एखादं जनावर चावलं तर त्याच्या तोंडावर मारू नका, त्याला खोडकर म्हणू नका. ते कान कधी पाडतं, कुठे हात लागल्यावर दचकतं, काय खाताना थांबतं, ते बघा. खायला द्यायचं तर चिमटीतून नव्हे, उघड्या तळहातावर द्या आणि देताना चेष्टा करू नका. आणि त्याचं तोंड बांधण्याआधी एकदा, फक्त एकदा, ते उघडून आत पाहा.

मी तिच्या तोंडाला महिनाभर लागून होतो. माझ्याइतकं जवळ कुणीच नव्हतं. मला वास येत होता, रक्त लागत होतं, गाल सुजलेला कळत होता. मला फक्त बोलता येत नव्हतं. जिला बोलता येत होतं, दातांनी का होईना, तिला मी बोलू दिलं नाही.